चार डोनटांचा निकाल

मी जन्मभर दुधाचा टँकर चालवला आणि जन्मभर थापा मारल्या. त्यातल्या पहिल्या कामातून निवृत्त झालोय. कॅलिफोर्नियाच्या या मधल्या दरीत हिवाळ्यात जे धुकं उतरतं, त्यात मी एकदा गाईखाली बसलो, बादली भरली, घरात आणली आणि उजेडात पाहतो तर आत नुसतं धुकं. गाय केव्हाच उठून गेली होती. बायकोने ते धुकं कॉफीत घातलं. कोणाची तक्रार नाही. सासू तर म्हणाली, आजचं दूध जरा हलकं आहे, पचायला बरं.

ही गोष्ट मी चांथाच्या डोनटच्या दुकानात शपथेवर सांगत असतो. चांथा मूळची कंबोडियाची, पण आमच्यासारख्या म्हाताऱ्यांच्या संगतीत पोर्तुगीज शिव्या आमच्याहून स्वच्छ देते. आता जी गोष्ट सांगतोय ती मात्र खरी आहे, त्यामुळे तिच्यात तेवढी मजा नाही.

लाउदालिनो बोर्बा आणि मी एकाच पोर्तुगीज बेटावरून इकडे आलो, तेव्हा दोघांनाही मिसरूड फुटलेलं नव्हतं. त्याने गायी पाळल्या, मी त्यांचं दूध वाहिलं. त्याची नात झेलिया. मला ती तिओ म्हणते, म्हणजे काका, आणि माझ्या एकाही शब्दावर विश्वास ठेवत नाही. हुशार आहे.

या पोरीची नजर काय सांगू. चालायला लागली नव्हती तेव्हा तिला गावातल्या किराणा दुकानासमोरच्या प्लास्टरच्या गाईजवळ नेलं, तर पोरगी गाईच्या कासेकडे बोट दाखवून रडायला लागली. पुढच्या हिवाळ्यात ती कास गळून पडली. बरं, हे थोडं वाढवून सांगितलं. पण गोठ्याच्या दारातून एक नजर टाकून कोणती गाय दुसऱ्या वेतात किती दूध देईल हे ती शाळेत असताना सांगायची, आणि लाउदालिनो ते ऐकून माझ्याकडे असा बघायचा, जणू देव त्याच्याशी खाजगीत बोललाय.

तिला मात्र दुसरंच कुतूहल होतं. लसूणघास आत जाते आणि दूध बाहेर येतं, मधे नक्की काय होतं? लहानपणापासून हाच प्रश्न. त्यासाठी शिकायचं ते किनाऱ्यावरच्या विद्यापीठात. आमच्यासारख्यांची पोरं तिथे एकदम जात नाहीत. आधी दोन वर्षं दरीतल्या कम्युनिटी कॉलेजात शेतीची पदवी, मग तिथले विषय पदरात घेऊन उरलेली दोन वर्षं विद्यापीठात. ऐकायला सोपं वाटतं.

ते सोपं नाही हे लाउदालिनोला व्हांग बाईंच्या खोलीत कळलं. व्हांग बाई कॉलेजात मुलांना विषय आखून देतात. झेलिया पहिल्या वर्षाला लागली तेव्हा हा आजोबा हॅट हातात धरून तिच्याबरोबर गेला. परत येऊन त्याने मला सगळं जसंच्या तसं ऐकवलं.

बाई म्हणाल्या, "इथे काय शिकता याला महत्त्व नाही. तिथे काय मोजलं जातं याला आहे. वेल्डिंग मोजत नाहीत. कृत्रिम रेतन मोजत नाहीत. ट्रॅक्टर चालवणं मोजत नाहीत."

"ट्रॅक्टर मोजत नाहीत?" लाउदालिनो म्हणाला. "मग तिथे नांगरतं कोण?"

"आजोबा, ते सगळं तिला घरी येतंच ना? इथे येऊन तेच तेच घ्यायचं, चांगले गुण मिळवायचे आणि विद्यापीठाच्या दारात रिकाम्या हाताने उभं राहायचं, ही तुमच्यासारख्या घरांतल्या पोरांची जुनी खोड आहे. तिने घ्यायचं रसायनशास्त्र."

मग बाईंनी आखणी केली ती शेवटाकडून. विद्यापीठात जायचं अमुक शरदात. म्हणजे त्याआधीच्या वसंतात रसायनाचा दुसरा भाग, कारण तो फक्त वसंतातच शिकवतात. म्हणजे त्याआधीच्या शरदात पहिला भाग. म्हणजे त्याआधीच्या उन्हाळ्यात गणित. लाउदालिनोला हे पटकन कळलं. गाय कधी विणार ते धरून तिला आटवायचं कधी हे आपण असंच मागे मोजत येतो.

"बाई," तो म्हणाला, "तुम्ही गायी पाळायला हव्या होत्या."

"आमच्या आईकडे डुकरं होती," व्हांग बाई म्हणाल्या. "हिशेब तोच."

सगळं नीट बसलं. पहिलं वर्ष गेलं, गणित झालं, रसायनाचा पहिला भाग झाला. आणि मग मधे आले टॅकेट सर.

टॅकेट सर कॉलेजच्या गाय-परीक्षक संघाचे शिक्षक. भला माणूस, मोठ्या पोटाचा, घोगऱ्या आवाजाचा. हा खेळ आमच्याकडे पोरं फुटबॉलच्या इर्षेने खेळतात. रिंगणात चार गायी उभ्या करतात, त्या चौघींना म्हणतात वर्ग. पोरांनी त्या पाहून पहिला, दुसरा, तिसरा, चौथा क्रम लावायचा आणि तो कार्डावर लिहून द्यायचा. मग एकेकट्याने पंचासमोर उभं राहून, हातात चिठ्ठीचपाटी न घेता, असाच क्रम का लावला याची कारणं बोलून दाखवायची. वरच्या गाईचं कौतुक करायचं, पण खालच्या गाईत काही चांगलं असेल तर तेही मान्य करायचं. "मान्य करते की एक नंबरची पाठ अधिक सरळ आहे, परंतु..." असं. आणि एक गोष्ट टॅकेट सर पहिल्याच दिवशी पोरांच्या डोक्यात ठोकायचे: कार्ड दिलं की दिलं. कारणं देता देता आपलं चुकलं असं लक्षात आलं तरी आवाज हलू द्यायचा नाही. दिलेल्या क्रमाच्या पाठीशी उभं राहायचं.

झेलियासारखी पोरगी सरांना सबंध नोकरीत मिळाली नव्हती. आणि संघाचा सराव मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी. रसायनाचा दुसरा भागही मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी. शिवाय राष्ट्रीय स्पर्धा विस्कॉन्सिनला पुढच्या शरदात, म्हणजे तेव्हा ती विद्यापीठात गेली असेल तर कॉलेजच्या संघात नाही.

"एक वर्ष थांब," सर तिला म्हणाले. "रसायन पुढच्या वसंतात घे. विद्यापीठ काय, जागचं हलतंय होय?"

यात त्यांचा स्वार्थ होता का? होता. पण माणूस ज्यावर जन्मभर जीव टाकतो ते एकदा तरी हातात यावं असं त्याला वाटलं, तर त्याला स्वार्थ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

झेलियाने ठरवलं ते चांथाच्या दुकानात. आम्ही दोघं नेहमीच्या टेबलावर होतो. ती यायच्या आधी लाउदालिनो मला म्हणाला, "मी तिला आज सांगणार आहे. रसायन घे आणि जा."

"तुला करमेल का?"

"नाही करमणार. म्हणून तर पाठ करून आलोय."

त्याने मला म्हणूनही दाखवलं. भाषण छोटं होतं, पण नेटकं. मी म्हटलं, शेवटी थोडं रड. तो म्हणाला, ते आपोआप होईल.

ती आली, शेणाने भरलेले बूट दारात झटकले, आणि चांथाकडून चार वेगवेगळे डोनट घेऊन एका रांगेत मांडले.

"व्हावो, तिओ, बघा. हा माझा वर्ग." व्हावो म्हणजे आजोबा. "नंबर एक, साखरेचा पाक लावलेला. याच वर्षी रसायन आणि शरदात विद्यापीठ. नंबर दोन, चॉकलेटचा. एक वर्ष थांबून संघ, रसायन पुढच्या वसंतात. नंबर तीन, हा साधा. शिक्षण पुरे, घरी गोठा. नंबर चार, हा मुरंब्याचा."

"तो काय?" मी विचारलं.

"टोस्टेंचा मुलगा. आई म्हणते, त्याच्याशी लग्न कर."

"हा, मग त्याची कास बघायला हवी," मी म्हटलं. चांथा काउंटरमागे फिसकन हसली.

झेलिया सरळ उभी राहिली, हात मागे बांधले, आणि सुरू झाली. "मी या वर्गाचा क्रम दोन, एक, तीन, चार असा लावते." मग जे काही बोलली ते मी आजही पोरांना ऐकवतो. वरच्या जोडीपासून सुरुवात. दोनला एकच्या वर ठेवते, कारण दोनमध्ये अधिक ताकद आणि खोली आहे. संघ आयुष्यात एकदाच मिळतो, सरांचं हे शेवटचं वर्ष असू शकतं, आणि जे आपल्याला येतं ते देशापुढे उभं राहून दाखवण्यात घराचंही नाव आहे. मान्य करते की एक नंबर चालीला हलका आणि थेट आहे, सरळ विद्यापीठाच्या दारात जाऊन उभा राहतो. परंतु त्याला एक वर्ष आवरून धरलं तर त्याचं काही बिघडत नाही. एकला तीनच्या वर ठेवते, कारण घरी गोठा कायमच आहे. आणि चारला शेवटी. मान्य करते की नंबर चारच्या वडिलांकडे नदीकाठची जमीन आहे. परंतु तो मधे फार मऊ आहे, आणि दाबलं की बाहेर येतो.

दुकानात बसलेल्या दोन अनोळखी ड्रायव्हरांनीही टाळ्या वाजवल्या. लाउदालिनोच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पाठ केलेलं भाषण कुठे गेलं कोणास ठाऊक.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला. "टोस्टेंच्या मुलाचं."

तिने ते पुन्हा म्हटलं. मग खुर्ची ओढून समोर बसली आणि गंभीर झाली. "व्हावो, तुम्ही पंच. तुमचा क्रम काय?"

मी त्याच्याकडे पाहिलं. आता बोलेल, असं वाटलं. त्याने तोंड उघडलं, नातीच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि हात पुढे करून नंबर एकचा डोनट उचलला आणि चावा घेतला.

"कार्ड दिलंस ना?" तो तोंडात घास असताना म्हणाला. "मग झालं तर."

त्याने तो सगळा खाल्ला. बोटांचा पाकसुद्धा चाटला.

शरदात ते विस्कॉन्सिनला गेले. आम्ही इथे फोनपाशी. संघ दुसरा आला. एका वर्गाने घात केला, होल्स्टीन जातीच्या गाभण कालवडींच्या. झेलियाने वरच्या जोडीचा क्रम उलटा लावला होता. आणि गंमत अशी की कारणं देण्यात तिला सबंध देशात सगळ्यांत जास्त गुण मिळाले, तेही त्याच वर्गात. पंच नंतर टॅकेट सरांना भेटून म्हणाला, "तुमच्या पोरीने मला माझ्याच निकालाबद्दल शंका आणली."

परत आल्यावर ती मला म्हणाली, "तिओ, दुसऱ्याच वाक्याला माझ्या लक्षात आलं होतं. डोळ्यांपुढे ती कालवड पुन्हा चालून गेली. पण आवाज नाही हलू दिला."

"मी असतो तर म्हणालो असतो की गायी मधेच जागा बदलून उभ्या राहिल्या," मी म्हटलं.

"म्हणून तुम्हाला कोणी संघात घेत नाही."

टॅकेट सर त्याच वर्षाखेर निवृत्त झाले. दुसऱ्या क्रमांकाचा फलक त्यांच्या बैठकीत आहे. त्यांच्या लेखी तो पहिलाच आहे, आणि ते बरंच झालं.

मग वसंत आला, आणि रसायनाच्या दुसऱ्या भागाला मोजकीच पोरं जमली. कॉलेजने वर्ग रद्द केला. व्हांग बाईंनी झेलियाला बोलावून घेतलं. त्यांनी आधीच शोधून ठेवलं होतं. नदीपलीकडे दुसरं कॉलेज आहे, गाडीने तासाभरावर, तिथे तोच विषय सकाळी आहे. तो घेतला की विद्यापीठ शरदात घेणार. जागा दिलेली होती, फक्त हा एक विषय पूर्ण करायच्या अटीवर.

झेलियाच्या बापाचा खांदा त्याच महिन्यात गेला. एक वळू त्याला कुंपणाशी दाबून उभा राहिला. ऑपरेशन झालं. सकाळची धार कोण काढणार? माणूस लावता आला असता. लाउदालिनोने दोन माणसं बघूनही ठेवली होती. पण झेलियाने स्वयंपाकघरात उभं राहून क्रम लावला. घर वर, नदीपलीकडचं कॉलेज खाली. मान्य करते की तिथे विषय मिळतो, परंतु परक्या माणसाच्या हाताखाली या गायी दूध चोरतात, आणि पुढच्या वसंतात आपल्याच कॉलेजात वर्ग पुन्हा निघेल. कारणं इतकी मुद्देसूद होती की तिची आई, जिला ती जायला हवी होती की नको हे अजून कोणाला कळलेलं नाही, ती म्हणाली, "बरोबर बोलते पोरगी."

लाउदालिनो तिथे होता. सोपाच्या, म्हणजे मांसाच्या रश्श्याच्या, वाडग्यात पाव बुडवत बसला होता. तेव्हाही खातच राहिला.

पुढच्या वसंतात वर्ग निघाला. पण तेव्हा गोठ्यात नवीन यंत्रं बसत होती. त्याच्या पुढच्या वसंतात विद्यापीठाने आपल्या अटी बदलल्या, जुन्या विषयांतला एक पुन्हा करायला हवा होता. दर वेळी व्हांग बाईंचा फोन यायचा आणि दर वेळी झेलिया त्यांना कारणं द्यायची. बाई शेवटी एकदा लाउदालिनोला बाजारात भेटल्या. "मी इतक्या मुलांशी बोलते," त्या म्हणाल्या, "कोणी म्हणतं जमलं नाही, कोणी म्हणतं कंटाळा आला. त्यांना मी परत आणू शकते. तुमच्या नातीचं मला काही करता येत नाही. ती फार छान बोलते हो."

आता झेलियाच्या कानशिलाशी पांढरे केस दिसतात. वाईट काही झालेलं नाही. गोठा तीच चालवते, उत्तम चालवते. टोस्टेंच्या मुलाशी लग्न केलं नाही, त्याच्या चुलतभावाशी केलं. तो मधे घट्ट आहे. उन्हाळ्यात दरीतल्या जत्रांमध्ये तिला पंच म्हणून बोलावतात. रिंगणात माइक घेऊन उभी राहिली की म्हातारे हॅट काढतात. पण गाईंना काय खायला घालायचं हे सांगायला किनाऱ्यावरून शिकून आलेला एक तरुण महिन्यातून एकदा गोठ्यावर येतो. त्याने काही सांगितलं की ती विचारते, "पण आत नक्की काय होतं?" तो सांगायला लागतो, आणि ती हातातलं काम ठेवून ऐकते. तेवढा वेळ लाउदालिनो गोठ्यातून बाहेर निघून जातो.

गेल्या उन्हाळ्यात जत्रेतला निकाल देऊन ती आमच्याबरोबर चांथाकडे आली. लाउदालिनो आता काठी घेऊन चालतो. तो टेबलावर बसला नाही. काठी मला धरायला दिली, काउंटरवर गेला आणि चार डोनट घेऊन आला. पाकाचा, चॉकलेटचा, साधा, मुरंब्याचा. एका रांगेत मांडले. मग टेबलाच्या कडेला धरून उभा राहिला.

"मी या वर्गाचा क्रम," तो म्हणाला, "एक, दोन, तीन, चार असा लावतो."

झेलिया हसायला लागली होती. ती थांबली.

"एकला दोनच्या वर ठेवतो," तो म्हणाला, "कारण... कारण तो जाणारा होता. जे जाणारं आहे त्याला जाऊ द्यावं. मान्य करतो की दोनमुळे माझी नात घरी राहिली. रोज सकाळी माझ्यासमोर कॉफी प्यायला बसली. माझ्या गुडघ्याला तीच औषध चोळते. मान्य करतो की मला ते फार आवडलं. परंतु..."

चांथाने कॉफीचं यंत्र बंद केलं.

झेलिया पंचासारखी बसून होती, पाठ ताठ, हात मांडीवर. पंचाने चेहऱ्यावर काही दाखवायचं नसतं.

"कार्ड केव्हा दिलं होतं?" तिने विचारलं.

"दिलंच नव्हतं. खाऊन टाकलं."

तिने त्या पाकाच्या डोनटकडे पाहिलं. "वरची जोडी," ती म्हणाली, "उलटी लागलीय हे मलाही दुसऱ्याच वाक्याला कळलं होतं, व्हावो. इथेच, या टेबलाशी. तुम्ही काहीतरी म्हणाल म्हणून पुढे बोलत राहिले."

मग घड्याळ बघितलं. दुपारच्या धारेची वेळ झाली होती. तिने आजोबाच्या कपाळाला ओठ टेकले, त्याची कॉलर सारखी केली, माझ्या हातातली काठी घेऊन त्याच्या हातात दिली आणि गेली. डोनट तसेच राहिले. चांथाने विचारलं, बांधून देऊ का?

मी थापाड्या माणूस आहे. दुसऱ्या गावांत, जिथे झेलियाला कोणी ओळखत नाही, तिथे मी ही गोष्ट वेगळी सांगतो. त्यात लाउदालिनो नंबर एक खात नाही. तो पाठ केलेलं भाषण म्हणतो, थोडा रडतो, आणि पोरगी मंगळवारी दुपारी रसायनाच्या वर्गात जाऊन बसते. लोकांना आवडते. आमच्या गावात मात्र मी ती कधी सांगितली नव्हती.

परवा आम्ही दोघंच होतो. बाहेर या हिवाळ्यातलं पहिलं धुकं, समोरचा रस्ताही दिसत नव्हता. लाउदालिनो म्हणाला, "जेर्मानो, तू तिकडे म्हणे ती दुसरी सांगतोस."

"कोण म्हणालं?"

"सांग ना."

मी सांगितली. त्याने डोळे मिटून घेतले होते. मी तिला रसायनात बसवलं, शरदात गाडीत सामान भरून दिलं, डोंगर ओलांडून किनाऱ्यावर नेलं. विद्यापीठाच्या दारात तिचे विषय मोजायला बसलेल्या माणसापर्यंत आलो, तेव्हा त्याने मला हाताने थांबवलं.

"ट्रॅक्टर मोजला का त्यांनी?"

"मोजला," मी म्हटलं.

"मग पुढे सांग," तो म्हणाला.